'विश्रांती' नावाचा नारळ

ओटीत पडला तर नारळ शुभ. तोच कुणी नुसता हातात ठेवला, की समजावं, इथलं आपलं काम संपलं. माणसाला काढून टाकण्यासाठी इतका गोड शब्दप्रयोग आपल्या भाषेत कुणी आणला कोण जाणे! वर्तमानपत्राच्या खेळाच्या पानावर त्याचा 'डच्चू' होतो. आणि जे संघ निवडतात त्यांच्या कागदावर त्याहूनही मऊ शब्द असतो, 'विश्रांती'.

मी खेळाच्या पानाबद्दल लिहिते आहे म्हणून माझ्या मैत्रिणी हसतील. सासरी सदाशिव पेठेत ते पान माझ्या हाती येतं ते सगळ्यांचं वाचून झाल्यावर, भाजी निवडताना खाली पसरायला. त्यातही आमच्या घरी क्रिकेटच वाचतात. पण माझं माहेर खडकीचं. अण्णा दारूगोळा कारखान्यात होते, आणि कारखान्याच्या वसाहतीत वाढलेल्या मुलीला हॉकी काही कुणी शिकवावी लागत नाही. एकीकडे कारखान्याची मैदानं, दुसरीकडे लष्कराची. संध्याकाळी दूध आणायला निघालं तरी वाटेत एखादा सामना दिसायचाच. फॉरवर्ड कोण, हाफ कोण, 'डी' म्हणजे काय, हे मला पाढ्यांच्या आधी येत होतं, असं अण्णा अजून सांगतात. (पाढे तसे माझे कच्चेच होते.)

खडकीत हॉकीचा विषय निघाला, की तो धनराजपाशी येऊन थांबतो. धनराज पिल्ले खडकीचाच. वडील मैदानाची निगा राखायचे. घरात मुलं बरीच आणि पैसा बेताचाच, त्यामुळे भावाभावांनी तुटक्या स्टिका जोडून, बांधून, त्यांच्यावरच खेळ शिकलेला. पुढे मोठ्या भावामागून तो मुंबईला गेला आणि १९८९ मध्ये भारताच्या संघात आला. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार एशियाड. एवढं खेळलेला माणूस आपल्या गल्लीतला, हे आम्हां पोरांना खरंच वाटायचं नाही.

१९९८ साली मी सहावीत होते. त्या वर्षी उट्रेख्टच्या विश्वचषकात आपला संघ नववा आला होता, त्यामुळे डिसेंबरमध्ये बँकॉकच्या एशियाडला कुणी फारशी आशा लावली नव्हती. आणि तिथे आपण सुवर्णपदक जिंकलं! १९६६ नंतर, म्हणजे बत्तीस वर्षांनी. कप्तान धनराज. अंतिम सामना कोरियाशी, तोही पेनल्टी स्ट्रोकवर गेलेला, आणि गोलात आशिष बल्लाळ. आमच्या चाळीत पेढे वाटले गेले. आईने तर त्या दिवशी कुकर तीनऐवजी सहा शिट्ट्या होईपर्यंत ठेवला आणि वरणाची अगदी खीर झाली, तरी कुणी एक अक्षर बोललं नाही.

पेढ्यांचे खोके अजून ट्रंकेवरच होते, तोवर बातमी आली. धनराज, बल्लाळ आणि आणखी काही जुने खेळाडू संघाबाहेर. ज्यांनी हा संघ घडवला ते प्रशिक्षक एम. के. कौशिकही बाहेर. कारण काय, तर विश्रांती! या मंडळींनी परदेश दौऱ्यावरच्या भत्त्याबद्दल, सोयींबद्दल तोंड उघडलं होतं, हे खडकीत शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पुढची पाकिस्तानविरुद्धची मालिका त्यांच्याविना झाली आणि ती पाकिस्तानने जिंकली.

त्या आठवड्यात आमच्या घरी जे वाद झाले, तसे मी पुढे लग्नाच्या याद्या करतानाही ऐकले नाहीत. वरच्या मजल्यावरचे काका निवड समितीच्या बाजूचे. त्यांचं म्हणणं, "तिशी झाली ना त्याची? तरण्या पोरांनी कधी खेळायचं मग? जिंकलेल्या संघातच नवी पोरं घालावीत, हरल्यावर घालून काय उपयोग?" अण्णा भडकले. "म्हणजे बस घाट चढून वर आली, आता ड्रायव्हरला उतरवा आणि क्लीनरच्या हातात चाक द्या, असंच ना?" दोघंही आपापल्या परीने खरंच बोलत होते, हे आज कळतं. आई मात्र तांदूळ निवडता निवडता एवढंच म्हणाली, "त्याची आई काय करत असेल हो आत्ता?" त्यावर कुणी काही बोललं नाही. पुढे २००७ मध्ये संदीप मिश्रांनी लिहिलेलं धनराजचं चरित्र आलं, त्याचं नाव 'फरगिव्ह मी अम्मा'. ते नाव वाचलं आणि मला आईचे ते तांदूळ आठवले.

धनराज परत आला. खडकीने त्याला परत आणलं, असं अण्णांचं मत. मी त्यात पडत नाही. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये पोलंडने शेवटच्या क्षणांत बरोबरी साधली आणि आपली उपांत्य फेरी हुकली. २००३ मध्ये त्याच्याच कप्तानपदाखाली आपण पाकिस्तानला हरवून आशिया चषक जिंकला. आणि २००४ ला अथेन्समध्ये, त्याच्या चौथ्या ऑलिंपिकच्या शेवटच्या सामन्यात, त्याला मैदानावर उतरवलं ते अगदी शेवटची काही मिनिटं. ऑलिंपिकचं पदक काही त्याच्या गळ्यात पडलं नाही.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर खडकीची म्हणून मी एकतर्फी बोलते असं व्हायचं. ऑलिंपिकला संघ जातो तो सोळांचा. सतरावा कितीही गुणी असला तरी सतरावाच. मुंबईच्या वाल्मीकी भावांचं पाहा. युवराज वाल्मीकी फॉरवर्ड. २०११ मध्ये ऑर्डोसला पाकिस्तानविरुद्धच्या अंतिम सामन्यात निर्णायक पेनल्टी त्याने मारली, तेव्हा तो जेमतेम एकवीस वर्षांचा. मरीन लाइन्सच्या त्याच्या घरात वीजही नव्हती, ती त्यानंतर आली. पण २०१६ ला रिओच्या सोळांत नाव आलं ते धाकट्या भावाचं, देविंदरचं. युवराजचं नाही. एकाच घरात एकाच दिवशी पेढाही आणि नारळही! त्या माउलीने कुठल्या मुलाच्या तोंडाकडे आधी पाहिलं असेल?

आणि संघ हरत असला, की काहीतरी करून दाखवावंच लागतं. २००८ ला तर आपण ऑलिंपिकला पात्रच ठरलो नाही, १९२८ पासून पहिल्यांदा. २०१२ ला लंडनला बारा संघांत बारावे आलो. अशा वेळी माणसं बदलणार नाहीत तर काय करतील? पण माझं एक निरीक्षण आहे, ते चुकीचं असेल तर असो. हरणाऱ्या संघातून म्हाताऱ्याला वयासाठी काढतात आणि पोराला अननुभवासाठी. मधले आपले सुखरूप राहतात. त्यातही पोराला काढणं सोपं, कारण त्याच्यामागे अजून कुणी उभं नसतं. चार गोल आपल्यावर झाले तरी नारळ मिळतो तो पुढे खेळणाऱ्या पोराला!

हे मी ऐकीव सांगत नाही. गेल्या पावसाळ्यानंतर आमच्याच घरात हे घडलं. माझा भाचा सोळा वर्षांचा आहे, एका क्लबकडून फॉरवर्ड खेळतो. गेल्या हंगामात त्यांचा संघ एकामागून एक सामने हरला. पुढच्या स्पर्धेची यादी फळ्यावर लागली, त्यात याचं नाव नव्हतं. विचारलं तर सर म्हणाले, "जरा विश्रांती घे." सोळाव्या वर्षी कसली आलीय विश्रांती! पोराने घरी येऊन स्टिक माळ्यावर टाकली आणि आतल्या खोलीत जाऊन झोपला.

रविवारी आम्ही खडकीला गेलो, तर वाद रंगात आलेला. दादाचं म्हणणं, हे सगळं राजकारण, सरांना आपल्या ओळखीचा मुलगा घुसवायचा आहे. हे म्हणाले, "बरंच झालं की, अकरावीचं वर्ष आहे, अभ्यास तरी होईल." (हॉकीबद्दल ह्यांचं मत खडकीत कुणी विचारत नाही, तरी ते देतात.) अण्णांनी १९९८ काढलं. ते काढणार हे ठरलेलंच होतं. शेजारचे एक गृहस्थ सरांच्या बाजूने बोलले आणि चहा अर्धा टाकून उठले.

वहिनी चपात्या लाटत होती. तिने पोळपाटावरून मान वर न करता विचारलं, "पण का काढलं ते त्याला सांगितलं का कुणी?"

सगळे गप्प. पंधरा मिनिटं भांडत होतो, आणि हा प्रश्न एकाच्याही डोक्यात आला नव्हता.

मी आठवड्यातून तीन दिवस शाळेत शिकवते. स्नेहसंमेलनाच्या नाटकासाठी मुलं निवडणं माझ्याकडे असतं. चाळीस मुलं येतात आणि मला हवी असतात अकरा. फळ्यावर यादी लावून स्टाफरूममध्ये निघून जाणं फार सोपं असतं. पण ज्याला घेतलं नाही त्याला मी समोर बोलावून कारण सांगते, आणि ते असं सांगते की त्याला त्यात काही करता यावं. एका मुलीला सांगितलं होतं, "तुझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जात नाही." रडली. मग म्हणे वर्षभर गॅलरीत उभी राहून मोठ्याने वर्तमानपत्र वाचत होती, शेजाऱ्यांनी तक्रार करेपर्यंत. पुढच्या वर्षी तिला घेतलं. ज्या मुलांना घेता येत नाही ती आठ दिवस माझ्याशी बोलत नाहीत, नंतर बोलतात. पण नुसतं 'या वेळी राहू दे' म्हटलं की मूल रात्रभर स्वतःच कारणं शोधत बसतं. माझा रंग, माझी उंची, माझे वडील कोण, असली असली कारणं!

तर वहिनी मंगळवारी संध्याकाळी स्वतः मैदानावर गेली. दादा म्हणाला, "आता आईने जाऊन पोराची वकिली करायची का?" ती म्हणाली, "अहो, त्याला परत घ्या म्हणायला मी जातच नाहीये. विचारायला जातेय." पायात साध्या चपला, हातात भाजीची पिशवी. सर आधी जरा बिचकलेच. आईबाप येतात ते एकतर भांडायला, नाहीतर हातापाया पडायला. विचारायला कुणी येत नाही.

मग त्यांनी सांगितलं. पोराचे पाय चांगले, चेंडू अडवतोही छान. पण चेंडू हातचा गेला की हा कमरेवर हात ठेवून तिथेच उभा राहतो, मागे धावत नाही. त्याच्या बाजूचा हाफ एकटा पडतो. दोन सामन्यांत याच बाजूने गोल झाले. हे सुधारेपर्यंत त्याने दुसऱ्या संघातून खेळावं.

"हे त्याला कधी सांगणार होता?" वहिनीने विचारलं. सर काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला बोलावलं आणि टर्फच्या कडेला बसवून पाव तास समजावलं. तो घरी आला, त्या रात्री जेवला नाही. वहिनीनेही आग्रह केला नाही, ताट झाकून ठेवलं. सकाळी पाहिलं तर ताट रिकामं, आणि माळ्यावरची स्टिक खाली आलेली. हा पायरीवर बसून मुठीवरची जुनी पट्टी सोडून नवी गुंडाळत होता.

सध्या तो दुसऱ्या संघात आहे. पहिला संघ अजून हरतोच आहे, त्यामुळे दादा दर रविवारी म्हणतो, "बघा, काढून काय मिळवलंत?" अण्णा आणि ते शेजारचे गृहस्थ पुन्हा बोलू लागले आहेत, म्हणजे भांडू लागले आहेत. परवा भाचा मला हळूच विचारत होता, "आत्या, मी खरंच कमरेवर हात ठेवून उभा राहतो का गं?" मी म्हटलं, "अण्णांना विचार. ते प्रत्येक सामन्याला कठड्याला टेकून उभे असतात." तो म्हणाला, "त्यांना विचारलं. ते म्हणाले, धनराज कधी उभा राहिला नाही."