नव्वद दिवसांचा नियम

हर्नियाच्या ऑपरेशनसाठी मार्चमध्ये तीन दिवस भरती झालेले एखादे आजोबा मे महिन्यात ताप आणि धाप घेऊन आले, तर त्यांचा न्यूमोनिया घरचा मानायचा की रुग्णालयाचा?

अमेरिकन थोरॅसिक सोसायटी आणि इन्फेक्शस डिसीजेस सोसायटी ऑफ अमेरिका या दोन संस्थांनी २००५ साली याचं ठाम उत्तर दिलं: रुग्णालयाचा. गेल्या ९० दिवसांत दोन किंवा अधिक दिवस भरती झालेले, वृद्धांच्या शुश्रूषागृहात राहणारे, डायलिसिसला जाणारे, महिन्याभरात शिरेतून अँटिबायोटिक किंवा केमोथेरपी घेतलेले असे सगळे रुग्ण ‘आरोग्यसेवेशी निगडित न्यूमोनिया’ या नव्या खान्यात गेले. घरी झालेल्या न्यूमोनियाला सहसा सेफ्ट्रिअॅक्सोन आणि अॅझिथ्रोमायसिन पुरतं. नव्या खान्यातल्या रुग्णाला मात्र पहिल्याच दिवशी तीन जड औषधं: पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम किंवा मेरोपेनेम, जोडीला अमिकासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिनसारखं काही, आणि वर व्हॅन्कोमायसिन किंवा लिनेझोलिड.

यामागे औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंची भीती होती, आणि ती निराधार नव्हती. त्याच वर्षी डॉ. मारिन कोलेफ आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ५९ रुग्णालयांमधल्या साडेचार हजारांवर रुग्णांची माहिती तपासली. नव्या वर्गातले सुमारे २० टक्के रुग्ण दगावले होते, घरच्या न्यूमोनियातले सुमारे १०. पण या अभ्यासात फक्त कल्चरमध्ये जंतू उगवलेले रुग्ण घेतले होते, आणि मेख तिथेच होती. न्यूमोनियाच्या बहुसंख्य रुग्णांत जंतू हाती लागतच नाही. २०१५ साली अमेरिकेतच दोन हजारांहून अधिक प्रौढांच्या कसून तपासण्या झाल्या. विषाणू धरूनही कारण सापडलं ते ३८ टक्क्यांत.

मग जड औषधांनी माणसं वाचली का? नाही. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांमधल्या अभ्यासांत नियमाबरहुकूम जड उपचार मिळालेल्यांचं जगणं सुधारलेलं दिसलं नाही. २०१४ साली २४ अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर कळलं, की कोणाच्या छातीत औषधांना न जुमानणारा जंतू आहे, हे या व्याख्येवरून नीट ओळखताच येत नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात तर ८८ हजारांवर भरत्यांचा हिशोब होता. व्हॅन्कोमायसिनसारखं औषध पहिल्यापासून सरसकट जोडलेल्यांत महिन्याभरातले मृत्यू कमी नव्हते, उलट जास्तच होते. मूत्रपिंडाला इजाही अधिक. अशा निरीक्षणात्मक अभ्यासातून मृत्यूचा दोष थेट औषधावर टाकता येत नाही. जास्त आजारी माणसालाच जास्त औषध मिळतं. पण फायद्याची खूण कुठेच नव्हती.

हे रुग्ण जास्त दगावत होते ते मुख्यतः त्यांच्या प्रकृतीमुळे. वय ऐंशीच्या पुढे, पक्षाघातानंतर गिळताना ठसका, अंथरुणाला खिळलेलं शरीर, थकलेली मूत्रपिंडं. यातल्या कशावरही मेरोपेनेम चालत नाही. २०१६ साली याच संस्थांनी रुग्णालयातल्या न्यूमोनियाच्या मार्गदर्शिकेतून हा वर्ग काढला आणि २०१९ साली तो वापरूच नका असं स्पष्ट लिहिलं.

भारतात हा निकाल जसाच्या तसा लावता येत नाही, असं माझं मत. आमच्या आयसीयूत मुख्य धास्ती अॅसिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला आणि स्युडोमोनास यांची. आयसीएमआरच्या वार्षिक अहवालांत अॅसिनेटोबॅक्टरचे बहुतांश नमुने मेरोपेनेमच्या गटाला दाद देत नाहीत. महिन्यापूर्वी व्हेंटिलेटरवर असलेला रुग्ण परत आला, तर जुना कल्चर रिपोर्ट शोधलाच पाहिजे. पण हर्नियाचे आजोबा आणि हा रुग्ण एका रांगेत बसत नाहीत.

आणखी एक धोका अमेरिकन मार्गदर्शिकेत ठळक नाही, इकडे रोजचा आहे: क्षयरोग. लिव्होफ्लॉक्सासिन, अमिकासिन, लिनेझोलिड ही तिन्ही क्षयाच्या जंतूवरही चालतात. न्यूमोनिया समजून दिली, की ताप थोडा उतरतो, बेडक्यात जंतू सापडणं अवघड होतं आणि निदान काही आठवडे लांबतं. म्हणून हट्ट एवढाच, की ही औषधं सुरू करण्याआधी बेडका तपासायला जावा.

औषध सुरू करण्याइतकंच ते थांबवण्याचं कसब महत्त्वाचं. नाकाच्या स्वॅबच्या पीसीआरमध्ये एमआरएसए (ज्याच्यासाठी व्हॅन्कोमायसिन देतात तो, नेहमीच्या औषधांना न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस) नसेल, तर छातीत तो असण्याची शक्यता फार कमी; व्हॅन्कोमायसिन बहुधा बंद करता येतं. अठ्ठेचाळीस तासांनी कल्चर हाती आलं, की तीनाची दोन, दोनाचं एक करता येतं. फ्रान्समधल्या ५१ आयसीयूंमध्ये व्हेंटिलेटरवरच्या न्यूमोनियाला ८ दिवस आणि १५ दिवस औषध देऊन तुलना झाली, तिचा निकाल २००३ साली आला: मृत्यूंत फरक नाही. स्युडोमोनाससारख्या जंतूंचा संसर्ग मात्र आठ दिवसांच्या गटात अधिक वेळा उलटला. तरी २०१६च्या मार्गदर्शिकेने साधारण सात दिवसच सुचवले. आमच्याकडे केसपेपरवर औषध सुरू केल्याची तारीख असते, ते कधी थांबवायचं याचा रकाना बहुतेक ठिकाणी छापलेलाच नसतो. मग रविवारच्या ड्यूटीवरचा निवासी डॉक्टर कालचंच पान पुढे उतरवून काढतो.