आधी टेबलवर झोपा

लेबर टेबलवर झोपल्यावर वर काय दिसतं, हे मला अकरा वर्षं माहीत नव्हतं. त्या खोलीत माझ्या कितीतरी नाइट गेल्या, पण सगळ्या उभ्याने. कोर्सच्या तिसऱ्या दिवशी मॅडमनी आम्हाला पाळीपाळीने टेबलवर झोपवलं, पाय स्टँडला अडकवले आणि सांगितलं, दहा मिनिटं नुसतं पडून राहायचं. बाकीच्यांनी आजूबाजूला वावरायचं, गप्पा मारायच्या, दार उघडं टाकायचं. वर ट्यूबलाइट, थेट डोळ्यांत. कमरेखाली टेबलची कड रुतत होती. दारावरून वॉर्डबॉय गेला, तशी सलवार घातलेली असूनही मी गुडघे जवळ ओढायला गेले. पाय हलेनात. चौथ्या मिनिटालाच म्हणाले, "मॅडम, उतरू का?"

"तुझ्या पेशंटनं हेच विचारलं असतं, तर काय म्हणाली असतीस?"

काय म्हणाले असते ते मला ठाऊक होतं. बाकीच्यांनाही. आम्ही उगीचच हसलो.

कोर्सचं नाव 'नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी'. केंद्र सरकारने २०१८ च्या डिसेंबरात त्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. अठरा महिने : बारा शिकण्याचे, सहा इंटर्नशिपचे. नर्सिंगची नोंदणी हवी आणि बाळंतपणं करण्याचा किमान दोन वर्षांचा अनुभव. घरी सांगितलं तेव्हा नवऱ्याने दोन प्रश्न विचारले. पहिला, पगार वाढणार का? दुसरा, तू आधीच मिडवाइफ आहेस ना? पहिल्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. दुसऱ्यात तो चुकीचा नव्हता. माझ्या नोंदणीच्या कागदावर नर्स आणि मिडवाइफ असे दोन्ही शब्द छापलेले आहेत. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झालेल्या प्रत्येकीच्या असतात. त्यातला दुसरा शब्द कुणी फारसा वाचत नाही, मीही वाचला नव्हता.

मला बाळंतपण येत होतं, हे खोटं नाही. पण कसं येत होतं? बाई आली की झोपव, सलाईन लाव. कळा मंद वाटल्या की बाटलीत पिटोसिन. दर तासाला तपासणी, कधी माझी, कधी डॉक्टरांची, कधी शिकाऊ मुलींची. पहिलटकरीण म्हणजे कट द्यायचाच, नाहीतर फाटेल. डोकं अडलं की एकीने स्टुलावर चढून पोटावर दाब द्यायचा. आणि ओरडायचं. "जोर लाव! तोंडातून आवाज काढू नको!" एकदा मी एका मुलीच्या मांडीवर चापट मारली होती. तिने माझ्याकडे बघितलं होतं, ते मी कोर्सला येईपर्यंत विसरले होते.

यातल्या बऱ्याच गोष्टी जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या शिफारशींत नको म्हटल्या आहेत. सरसकट कट नको, पोटावर दाब नको, गर्भपिशवीचं तोंड तासाला एक सेंटीमीटर उघडलंच पाहिजे हा हट्ट नको. वर्गात हे वाचताना माझी मान खाली होती. शेजारची जालन्याकडची मैत्रीण कुजबुजली, "मंग आपण काय करत होतो गं?"

शेजारच्या तेलंगणाने असल्या प्रशिक्षणाला आधीच, २०१७ मध्ये, हात घातला होता. का, ते आकड्यांवरून कळतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तिथली साठ टक्क्यांहून जास्त बाळंतपणं सिझेरियनने झालेली होती. आपल्याकडे महाराष्ट्रात तोच आकडा २५.४. आपला कमी म्हणून मी आधी खूश झाले. मॅडम म्हणाल्या, देशाचा २१.५ आहे, तोही लिहून घे.

'नैसर्गिक बाळंतपण' म्हटलं की कुणाला वाटेल की हा कोर्स म्हणजे दिवा मंद करून पाठ चोळणं. पाठ चोळायला शिकवतातच. पण एक दिवस मॅडमनी लाल रंगाचं पाणी चादरीवर, पॅडवर, फरशीवर ओतलं आणि रक्त किती गेलं ते लिहायला सांगितलं. मी लिहिलं, अडीचशे मिली. ओतलं होतं सहाशे. पाचशेला धोक्याची घंटा वाजायला हवी, आणि अकरा वर्षांच्या अनुभवाची मी शांतपणे चहाला गेले असते. तो सराव आम्ही इतक्यांदा केला की मेसमध्ये आमटी सांडली तरी कुणीतरी अंदाज सांगायची.

इंटर्नशिपमधली एक रात्र. ऊसतोडीहून परतलेली विशीतली पोर, पहिलटकरीण, सोबत आई. सगळं ठीक होतं, म्हणून ती आमच्याकडे. ती चालली, भिंतीला टेकली, आईच्या गळ्यात हात टाकून झुलली. दर अर्ध्या तासाला मी डॉपलरने बाळाचे ठोके ऐकत होते, नंतर दर पाच मिनिटांनी. टेबलवर ती चढलीच नाही. गादीवर गुडघे टेकून ओणवी झाली. मला सगळंच उलटं दिसत होतं. डोकं कुठून, खांदा कुठून, हात कुठे धरायचा. डोकं दिसू लागलं आणि माझा उजवा हात ट्रेकडे गेला. कात्री त्या ट्रेमध्ये नव्हतीच. मॅडमनी मुद्दाम दुसरीकडे ठेवली होती. त्या फक्त म्हणाल्या, "हात मागे."

मी ओरडले नाही. तिला हळूच फुंकर घालत श्वास सोडायला सांगितलं, गरम पाण्यात पिळलेलं फडकं खाली धरलं. डोकं आलं, थांबलं, आपणहून वळलं. मुलगी. खरचटलं होतं थोडं, टाका लागला नाही.

पण मला आठवते ती नाळ. आजवर बाळ बाहेर येताच चिमटा, चिमटा, कट. या वेळी मी ती दोन बोटांत धरून बसले. जाड, निळसर, पिळाची, आणि धडधडणारी. बाळ आईच्या छातीवर रडत होतं आणि त्याचा ठोका माझ्या बोटांत. मग तो मंद झाला, नाळ पांढरी पडली, लुळी झाली. कापली तेव्हा घड्याळात तीन मिनिटं होऊन गेली होती.

त्या पोरीची आई शांतपणे बघत होती. नंतर म्हणाली, "आमच्या वक्ताला असंच व्हतं माय, उकिडवं नाहीतर गुडघ्यावर. झोपवायचं तुमच्या दवाखान्यानंच काढलं." त्या वेळी किती बाळंतिणी जात होत्या, हे माझ्या जिभेवर आलं होतं. पण ती जे म्हणाली तेही खरंच होतं, म्हणून गप्प बसले.

कोर्स संपवून परतले तर पहिले चार महिने मला पुरुषांच्या वॉर्डात ड्युटी. अठरा महिने शिकवलेली बाई हर्नियाची ड्रेसिंग करत होती. अर्ज केले, हेलपाटे घातले. शेवटी लेबर रूम मिळाली, आणि एका डॉक्टरांचा टोमणा, "आता आम्ही घरी जाऊ का सिस्टर?" मी म्हटलं, "नको सर, रक्त जास्त गेलं तर लागाल." ते हसले. आता अडचण वाटली की मी लवकर फोन करते, आणि ते लवकर येतात.

टेबल अजून तेच आहे. मी स्टोअरमधून एक गादी मागून घेतली, जुन्या चादरींचा पडदा शिवला. बाळंतपणाच्या रजिस्टरमध्ये शेवटी थोडी कोरी जागा असते, तिथे पेन्सिलीने एक रकाना आखलाय : स्थिती. पहिली दोन पानं नुसती 'पाठीवर, पाठीवर'. गेल्या आठवड्यात तीनदा 'कुशीवर' आणि एकदा 'गुडघ्यावर' लिहिलंय. गुडघ्यावरचं माझं नाही. माझ्या सुट्टीच्या दिवशीचं आहे, आणि अक्षर नवीन आलेल्या सिस्टरचं.