कोणाच्या नावे?

कॅलिफोर्नियाच्या डोंगराळ प्रदेशात कॉन्डर नावाचा एक महाकाय पक्षी राहतो. त्याने पंख पसरले की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे साडेनऊ फुटांचे अंतर भरते. देह काळा, डोके पिसांविना उघडे आणि नारिंगी. रूपाने तो सुंदर म्हणावा असा नाही. पण त्याच्या जीवनक्रमात एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. तो शिकार करीत नाही. आपोआप मेलेल्या किंवा दुसऱ्याने मारलेल्या जनावराच्या कलेवरावर तो आपला निर्वाह करतो. सृष्टीने त्याच्याकडे सफाईचे काम सोपविले आहे आणि हजारो वर्षे ते तो निमूटपणे करीत आला आहे.

अशाच एका मादीची ही हकीकत आहे. शास्त्रज्ञांच्या दप्तरी तिची ओळख एका क्रमांकाने होती : एसी-८.

१९८२ साली साऱ्या जगात अवघे २२ कॉन्डर उरले होते. बंदुकीची गोळी, विषारी आमिषे, विजेच्या तारा अशी कारणे अनेक होती. १९८४-८५ च्या एकाच हिवाळ्यात मोकळ्या आकाशातील १५ पक्ष्यांपैकी ६ नाहीसे झाले. पुढे जानेवारी १९८६ मध्ये, निसर्गात घरटे करणाऱ्या अखेरच्या जोडीतील मादी उपचार चालू असतानाच मरण पावली. तिच्या रक्तात शिसे भिनले होते. उरलेले सर्व पक्षी पकडून सुरक्षित ठेवण्यावाचून आता गत्यंतर राहिले नाही. जून १९८६ मध्ये एसी-८ पकडली गेली. १९ एप्रिल १९८७ रोजी शेवटचा नर, एसी-९, जाळ्यात आला. त्या दिवशी जगातील सारे २७ कॉन्डर सॅन दिएगो आणि लॉस एंजेलिस येथील दोन प्राणिसंग्रहालयांच्या पिंजऱ्यांत होते. आकाशात एकही नव्हता.

कॉन्डरची मादी साधारणपणे दोन वर्षांतून एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात यायला सहा-सात वर्षे लागतात. अशा जातीचे भांडवल फार सावकाश वाढते आणि एका फटक्यात बुडते. तरीही माणसांनी चिकाटी सोडली नाही. पहिले अंडे काढून घेतले की मादी दुसरे घालते, हे ओळखून अंडी उबवणी यंत्रात ठेवण्यात आली. पिल्लांना माणसाची सवय लागू नये म्हणून कॉन्डरच्या डोक्याच्या आकाराची बाहुली हातावर चढवून त्यांना घास भरविण्यात आला. १९९२ पासून पक्षी पुन्हा निसर्गात सोडले जाऊ लागले आणि एप्रिल २००० मध्ये, चौदा वर्षांच्या बंदिवासानंतर, एसी-८ आपल्या जुन्या डोंगरांत परतली. जाणत्या मादीच्या मागे उडून पिंजऱ्यात जन्मलेली तरुण पिढी वाटा शिकेल, अशी त्यामागे आशा होती.

२००२ च्या अखेरीस ती आजारी आढळली. कारण तेच, शिशाची विषबाधा. तिला पकडून आणले, उपचार केले, बरी होताच पुन्हा सोडले. त्यानंतर काही आठवड्यांनी, फेब्रुवारी २००३ मध्ये, एका बंदूकधाऱ्याने तिला झाडावर बसलेली असताना गोळी घालून मारले. तो सापडला, न्यायालयात उभा राहिला, त्याला शिक्षा झाली.

मात्र त्याआधी तिच्या अंगात शिसे भिनविणारा कोण होता, हे कोणालाही सांगता आले नाही. तो कोणी तरी शिकारी असावा. त्याने हरणावर किंवा रानडुकरावर नेम धरला असेल, नेम बरोबर लागला असेल आणि तो समाधानाने घरी गेला असेल. कॉन्डरविषयी त्याच्या मनात वैरभाव नव्हता. कदाचित डोक्यावरून तरंगत जाणारा हा पक्षी त्याने कौतुकाने पाहिलाही असेल. हरणाची हत्या त्याच्या नावे निश्चितच पडते. पण या दुसऱ्या जीवाची नोंद कोणत्या खात्यावर टाकायची?

हा व्यवहार घडतो कसा, ते समजून घेतले पाहिजे. शिसे मऊ असते. वेगाने जाणारी शिशाची गोळी शरीरात शिरताच फुटते आणि तिचे बारीक कण जखमेपासून बऱ्याच अंतरापर्यंत विखुरतात. अशा हरणांच्या देहाची क्ष-किरण छायाचित्रे घेतली, तेव्हा त्यांत शिशाचे कण शेकड्यांनी आढळले. शिकारी मांस घेऊन जातो आणि आतडी-कोथळा जागेवरच टाकून देतो. कॉन्डर तेथे उतरतात. एकेका कलेवरावर अनेक पक्षी जेवत असल्याने एकाच गोळीचे वाटेकरी पुष्कळ होतात. त्यांच्या जठरातील तीव्र आम्लात शिसे विरघळते आणि रक्तात उतरते. पुढे ज्ञानतंतू निकामी होतात, पचनमार्ग लुळा पडतो. गळ्याखालची अन्नाची पिशवी भरलेली असते, पण घास पुढे सरकत नाही. पोटाशी अन्न असूनही पक्षी उपासमारीने मरतो. मोकळ्या आकाशातील ज्या कॉन्डरांच्या मृत्यूचे कारण निश्चित करता आले, त्यांत शिसे हेच सर्वांत मोठे कारण ठरले आहे. म्हणून या पक्ष्यांना आजही ठरावीक काळाने पकडून त्यांचे रक्त तपासावे लागते आणि प्रमाण वाढलेले आढळल्यास शिसे बाहेर काढणारी इंजेक्शने द्यावी लागतात.

हे केवळ एका जातीपुरते नाही. अमेरिकेच्या ३८ राज्यांतील सुमारे १,२०० गरुडांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील जवळजवळ निम्म्या पक्ष्यांच्या हाडांत दीर्घकाळ शिसे साठल्याच्या खुणा होत्या.

उपाय अवघड नाही. तांब्याची गोळी अशी फुटून विखुरत नाही. कॅलिफोर्नियाने २००८ पासून कॉन्डरच्या प्रदेशात मोठ्या शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांना बंदी केली आणि १ जुलै २०१९ पासून राज्यभर शिकारीत शिसे वापरणे बंद केले. शेजारच्या अॅरिझोनाने दुसरी वाट धरली. २००५ पासून तेथील वन्यजीव खाते कॉन्डरच्या क्षेत्रातील शिकाऱ्यांना शिसेविरहित गोळ्या विनामूल्य देते आणि वस्तुस्थिती समजावून सांगते. तेथे कायद्याची सक्ती नाही, तरीही बहुसंख्य शिकारी सहकार्य करतात. शिकार सोडण्याइतके मन सर्वांचे पालटले नाही, हे खरे. पण आपल्या हातून नकळत आणखी कोण मरते आहे हे कळल्यावर अनेकांनी आपली जुनी गोळी बदलली. आज कॉन्डरांची एकूण संख्या ५०० च्या पुढे गेली आहे. संकट टळले नाही, पण खाते बुडालेलेही नाही.

हे वाचून एखाद्या वाचकाच्या मनात येईल की, ज्या घरात बंदूक नाही, शिकार नाही, त्या घराशी या हकीकतीचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे.

भारतात गावाबाहेर मेलेल्या गुरांवर तुटून पडणारे गिधाडांचे थवे चाळीस वर्षांपूर्वी सर्वांच्या परिचयाचे होते. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत ९९ टक्क्यांहून अधिक घटली. कोणी त्यांना गोळ्या घातल्या नव्हत्या. पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून २००४ साली कारण उघड झाले : डायक्लोफिनॅक. दुखणाऱ्या, लंगडणाऱ्या गुरांना दिले जाणारे हे स्वस्त वेदनाशामक औषध. औषध दिल्यानंतर थोड्याच काळात ते जनावर मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले, की त्यांची मूत्रपिंडे निकामी होऊन काही दिवसांत ती मरत. तिकडे मारण्याच्या गोळीने पक्षी मेले, येथे वेदना शमविण्याच्या सुईने. तिकडे हात कठोर होता, येथे दयाळू होता. पक्ष्याच्या बाजूने पाहिले तर परिणामात अंतर पडले नाही.

हेतू शुद्ध होता म्हणून गाईला सुई टोचणाऱ्याला कोणी दोष देणार नाही. अहिंसेचा विचार करणाऱ्या परंपरेने मात्र हेतूबरोबरच सावधपणाही मागितला आहे. पाणी गाळून घेणे, पाहून पाऊल टाकणे यांचा अर्थ तोच आहे. ‘मला ठाऊक नव्हते’ ही सवलत ठाऊक होईपर्यंतच मिळते. २००४ पूर्वीचे खाते अज्ञानाच्या नावे टाकता येईल. त्यानंतरचे येणार नाही.

भारत सरकारने २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. माणसांच्या औषधाच्या मोठ्या बाटल्या गुरांसाठी वापरल्या जात असल्याने २०१५ मध्ये इंजेक्शनच्या बाटलीचे आकारमान ३ मिलिलिटरपर्यंत मर्यादित केले. २०२३ मध्ये जनावरांसाठीच्या किटोप्रोफेन व असेक्लोफिनॅक या औषधांवरही बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना सुरक्षित असलेले वेदनाशामक सहज उपलब्ध आहे. त्यामुळे गुरांची सेवा थांबविण्याचे कारणच नाही. फक्त बाटलीवरचे नाव वाचायचे आहे.

गोशाळा आणि पांजरपोळ यांना अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या दान देत आली आहेत. चारा किती आला, किती जनावरे दाखल झाली, याचा हिशेब दरवर्षी विचारला जातो. त्यात एका प्रश्नाची भर घालावी : आजारी जनावराला कोणते औषध टोचले जाते? व्यवस्थापकांना हे विचारण्यात अविश्वास नाही. तेही बहुधा या प्रश्नाचे स्वागतच करतील आणि औषधांच्या कपाटाकडे एकदा नव्याने पाहतील.