किती दिलान?

आमच्या घरात टीव्हीखालच्या खणात एक दोनशे पानी वही आहे. बाबांनी पट्टीने रकाने आखलेत : तारीख, मीटर, लिटर, पंप, ॲव्हरेज आणि शेवटी शेरा. पहिली नोंद १८ डिसेंबर २०२२ ची. ३२२ किलोमीटर, ३१.६ लिटर, ॲव्हरेज १०.२. शेऱ्यात बाबांच्या अक्षरात दोनच शब्द : 'पाय जड'.

पाय माझा. गाडी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय. आमच्याच राज्यात, चाकणला बनलेली, २०१५ ची, मी पुण्याहून सेकंडहँड आणलेली. १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १०५ पीएस ताकद, १७५ न्यूटन मीटर टॉर्क. कंपनीच्या आकड्याप्रमाणे शून्यावरून शंभरवर दहा सेकंदांच्या आत. फेरारीवाल्यांना याचं हसू येईल, पण चिपळुणात पगारावर जगणाऱ्या माणसाच्या आवाक्यातली खरी वेगवान गाडी म्हणजे हीच. कॉलेजात असल्यापासून मला ती हवी होती. लोट्याला नोकरी लागली, चार वर्षं पैसे साठवले, उरलेल्याचं कर्ज काढलं आणि घेतली.

बाबांना ती नको होती. 'घरात तीन माणसं, कशाला एवढी पळणारी गाडी?' तरी घेताना ते सोबत आले. आल्या आल्या त्यांनी गाडीतले मॅट उचलले, सीटखाली हात घातला, बोटं नाकाला लावली. चिखलाचा वास येतो का बघत होते. २०२१ च्या पुरानंतर आमच्याकडे सेकंडहँड गाडी अशीच बघतात. विकणारा गोंधळला. 'आम्ही चिपळूणचे,' एवढंच बाबा म्हणाले.

पहिल्यांदा टाकी फुल करून घरी आलो तेव्हा ते ओटीवरच बसले होते. 'किती दिलान?' मी म्हटलं, 'कंपनी सतरा पूर्णांक दोन सांगते.' 'कंपनीचं नाही विचारलं. तुला किती दिलान?'

बाबांना हे विचारायचा अधिकार आहे. एकतीस वर्षं ते एसटीत ड्रायव्हर होते. एसटीत ड्रायव्हरची किंमत करायचं एक माप असतं, केपीटीएल. म्हणजे दहा लिटर डिझेलमागे गाडी किती किलोमीटर गेली. बाबांचं अठ्ठेचाळीसच्या खाली क्वचित यायचं आणि पन्नास पडलं की त्या दिवशी घरी भजी. आपल्या फेऱ्यांचे हे आकडे ते स्वतःच्या डायऱ्यांमध्ये उतरवून ठेवायचे. एकतीस वर्षांच्या एकतीस डायऱ्या. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी घरात छातीपर्यंत आलं. आम्ही माळ्यावर चढलो, डायऱ्या खालच्या कपाटात राहिल्या. चार दिवसांनी कपाट उघडलं तेव्हा कागदाचा नुसता लगदा होता. बाबा काही बोलले नाहीत. घमेल्यात भरून स्वतः बाहेर टाकून आले.

त्यामुळे दीड वर्षाने त्यांनी नवीन वही आणून रकाने आखले, तेव्हा मी विरोध केला नाही. १०.२ चा आकडा लागला, तरीही.

मग मी १७.२ च्या मागे लागलो. हा आकडा येतो कुठून? आपल्याकडे गाडीच्या जाहिरातीत बारीक अक्षरात 'एआरएआय' लिहिलेलं असतं. ही ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन पुण्यात वेताळ टेकडीवर आहे, १९६६ सालची. हा आकडा ज्या चाचणीतून येतो त्यात गाडी रस्त्यावर जातच नाही. ती रोलरवर उभी असते, चाकं जागच्या जागी फिरतात. चाचणी वीस मिनिटांहून किंचित कमी. अंतर साधारण साडेदहा किलोमीटर. वेग कधीच ९० च्या वर नाही. एसी बंद. आणि शून्यावरून पन्नासवर जायला तब्बल २६ सेकंद दिलेले. एवढ्या वेळात चिंचनाक्यावर मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवून थकेल.

मी हे बाबांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, 'म्हणजे फसवत नाहीत. सगळ्यांना एकच पेपर देतात. पण पेपरात आपला घाट नाही.'

अगदी तसंच आहे. आकडा खोटा नाही. दोन गाड्यांची तुलना करायला तो उपयोगी पडतो. पण वेगवान गाडीच्या बाबतीत पेपर आणि रस्ता यांतलं अंतर जास्त पडतं आणि त्याला कारण आहे. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर फिरणारी चक्की. ती इंजिनात जास्तीची हवा कोंबते. हवा जास्त, म्हणजे पेट्रोलही जास्त. पाय हलका असेल तर माझं इंजिन बाराशे सीसीचं, गरीब. पाय दाबला की तेच इंजिन दुप्पट मोठं असल्यासारखं पितं. फारच ताण आला तर आतलं तापमान आवरायला गरजेपेक्षाही जास्त पेट्रोल सोडलं जातं. २६ सेकंदांच्या त्या निवांत पेपरात हे दुसरं इंजिन जवळजवळ जागंच होत नाही. मी मात्र पैसे त्याच्यासाठीच मोजले होते.

युरोपातही असाच पेपर होता. लोकांच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा २०१७ पासून तिथे जास्त वेगाची, जास्त कडक चाचणी आली. अमेरिकेने तर २००८ च्या मॉडेलपासूनच एसी, थंडी आणि जोराची ड्रायव्हिंग हिशोबात धरली. आणि या सगळ्याचं टोक बघायचं असेल तर बुगाटी वेरॉन. हजार पीएसची ती गाडी पूर्ण वेगात ठेवली तर शंभर लिटरची टाकी साधारण बारा मिनिटांत संपते. ताशी चारशेने बारा मिनिटं म्हणजे ऐंशी किलोमीटर. लिटरला आठशे मीटर! हे ऐकून बाबा बराच वेळ हसले. मग म्हणाले, 'माझी गाडी लिटरला पाच द्यायची. पण मागे चव्वेचाळीस माणसं असायची.'

मी मनात गुणाकार केला. एक लिटरमध्ये एक माणूस दोनशेवीस किलोमीटर. लोट्याला रोज एकटा जाणारा मी गप्प बसलो.

पुढचे तीन महिने मी इमानदारीने सुधारलो. चिपळूण ते लोटे वीसेक किलोमीटर, मध्ये परशुराम घाट. टायरमध्ये हवा बरोबर ठेवली. शंभरऐवजी ऐंशीने जायला लागलो, कारण शंभरला हवेचा विरोध ऐंशीच्या दीडपटीहून जास्त असतो. पण सगळ्यात जास्त फरक पडला तो घरातून दहा मिनिटं आधी निघाल्याने. उशीर झाला नाही की पाय आपोआप हलका राहतो. बाबांचं एक वाक्य मी डॅशबोर्डवर लिहून लावावं असं आहे : 'ब्रेक मारलास म्हणजे मघाशी पेट्रोल फुकट जाळलंस.' वहीत ११.८ आलं, मग १२.९, मग १३.४. शेऱ्यात 'बरा'. गाडीच्या स्क्रीनवर १४.२ दिसत होतं, पण बाबांचा स्क्रीनवर विश्वास नाही. एकच पंप, नोझल आपोआप थांबेपर्यंत टाकी फुल, मग भागाकार. खरं तेवढंच.

तरी मला वाटायचं, १३.४ साठीच चालवायची होती तर साधी गाडी काय वाईट होती?

फेब्रुवारी २०२४ मध्ये बाबांना हार्टचा त्रास झाला. कराडला स्टेंट टाकला. त्यानंतर दर महिन्याला तपासणीसाठी बहादूरशेख नाका, पोफळी, कुंभार्ली घाट, कोयनानगर, पाटण, कराड. जायचे साधारण शंभर किलोमीटर. बाबा शेजारी, आई मागे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, धक्के नकोत.

एसटीच्या ड्रायव्हरला शेजारी बसवून कुंभार्ली चढणं ही परीक्षाच असते. ते बोलायचे नाहीत. फक्त मी वळणाच्या आधी उशिरा पाय काढला की त्यांचा उजवा पाय मॅटवर दाबला जायचा. तिथे ब्रेक नव्हता, पण मला कळायचं. उतारावर गाडी न्यूट्रलला टाकलेली त्यांना अजिबात खपत नाही. 'घाटात गाडी गिअरमध्येच उतरवायची.' पूर्वी ते सुरक्षिततेसाठी सांगायचे. मी वाचलं तेव्हा कळलं, आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात त्यांचा नियम दुप्पट बरोबर आहे. गिअरमध्ये उतरताना पाय काढला की पेट्रोल बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा असा झाला, जणू पुण्याच्या टेकडीवरून त्यांना सर्टिफिकेट आलंय.

त्या फेऱ्यांमध्ये जाऊन-येऊन १५.६ पडायचं. एकदा १५.९. गाडी तीच, घाट तोच, वजन जास्त. एकट्याने सपाटीवर जे जमलं नव्हतं ते शेजारी आजारी माणूस असताना जमलं.

जुलैत एका रात्री साडेअकराला बाबा उठून बसले. घाम, छातीत कळ. इथल्या डॉक्टरांनी तपासून गोळ्या दिल्या, इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, कराडला हलवा, लगेच. रुग्णवाहिका बाहेरगावाहून परत यायची होती, तासभर तरी. मी गाडी काढली. टाकी त्याच संध्याकाळी फुल केली होती.

पाऊस होता. पोफळीपर्यंतचा रस्ता मोकळा. घाटात ट्रकांची रांग. मी वेडेपणा केला नाही. बाबा मागच्या सीटवर आईच्या मांडीवर होते आणि वळणं मला माहीत होती. पण जिथे सरळ तुकडा मिळाला, जिथे ट्रकवाल्याने डावीकडे घेऊन हात दाखवला, तिथे मी पाय पूर्ण दाबला आणि ती गेली. चढावर, ओल्या रस्त्यावर, चार सेकंदांत ट्रकच्या पुढे. जिच्यासाठी मी पैसे मोजले होते ती गाडी त्या रात्री पहिल्यांदा खरोखर कामाला आली. एका वळणावर मागून बाबांचा बारीक आवाज आला, 'दुसरा टाक.' मी आधीच टाकला होता.

कराडला पोचलो. वेळेत पोचलो, असं डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांना वॉर्डात आणल्यावर मी बाहेर जाऊन टाकी फुल केली. ९८.४ किलोमीटर, १२.३ लिटर. बरोबर ८. वहीतला सगळ्यात वाईट आकडा. समुद्रसपाटीजवळच्या चिपळुणातून सहा-साडेसहाशे मीटर वर चढायचं. माणसांसकट साडेबाराशे किलोची गाडी नुसती तेवढी उंच उचलायलाच लिटरभर पेट्रोल लागतं. बाकीचं घाईने खाल्लं.

वॉर्डात शिरलो तर नाकात नळी असलेल्या बाबांनी डोळे उघडले. 'किती दिलान?'

'आठ.'

मला वाटलं, आता ऐकावं लागणार. ते हसले. 'एसटीला जमलं नसतं,' एवढंच म्हणाले आणि डोळे मिटले.

सहा दिवसांनी त्यांना घरी आणलं. घाट उतरताना चाळीसच्या वर गेलो नाही. चिपळुणात नेहमीच्या पंपावर टाकी फुल केली : ९७.६ किलोमीटर, ५.४ लिटर. १८.१. कंपनीपेक्षा जास्त! एवढ्याशा पेट्रोलवर हिशोब पक्का नसतो हे बाबांनी लगेच सुनावलं. जाऊन-येऊन धरलं तर अकराच. तरी एकाच आठवड्यात, एकाच रस्त्यावर, त्याच ड्रायव्हरकडून, तीच गाडी आठ देते आणि अठराही देते. मग 'ही गाडी किती देते?' या प्रश्नाला उत्तर काय द्यायचं?

वहीत त्या दोन ओळी बाबांनी स्वतः लिहिल्या. हात थरथरत होता, अक्षर वाकडं आलंय. अठराच्या पुढे शेरा : 'उतार'. आठच्या पुढे नेहमीचं 'पाय जड' येईल असं मला वाटलं होतं. तिथे लिहिलंय : 'चढ. रात्र. गरज होती.'

आता एकेचाळीस नोंदी झाल्यात. सरासरी १२.६. पेट्रोल शंभरच्या वर आहे, हप्ता अजून चालू आहे आणि महिन्याचा हिशोब मांडला की ही गाडी मला परवडते असं ठामपणे सांगता येत नाही. लोट्याला जायला मी आठवड्यातून तीन दिवस कंपनीची बस पकडतो. तो सल्ला कोणाचा, हे सांगायला नको.

गेल्या महिन्यात पंपावर एक मुलगा बाइक लावून गाडीभोवती फिरला. मागचं जीटी अक्षर बघून त्याचे डोळे चमकले. बाबा शेजारच्या सीटवर काच खाली करून बसले होते. त्याने त्यांनाच विचारलं, 'काका, किती देते हो?'

बाबांनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

'जायचंय कुठे तुला?' ते म्हणाले. 'आणि घाई किती आहे?'