न झिजलेले टायर
रविवार. बदलापुरात राहायचं म्हणजे रोजचा प्रवास लोकलचा. गाडी बिचारी सोसायटीत उभी. सात वर्षांत जेमतेम 18,000 किलोमीटर. आज धुताना टायरच्या कडेवरून बोट फिरवलं, तर टाचेला पडतात तशा बारीक भेगा. नक्षी मात्र शाबूत, कायद्याच्या 1.6 मिलिमीटरपेक्षा कितीतरी खोल. कडेवरचे आकडे 2318, म्हणजे टायर बनले 2018च्या तेविसाव्या आठवड्यात. रबर उभ्या उभ्याही कडक होतं, ऊन खातं त्याला. ही म्हणाली, "नव्यासारखे तर दिसतायत!" दिसतायत खरे. पण भर पावसात काटई रस्त्यावर ब्रेक दाबायचा तो याच रबराच्या भरवशावर. स्टेपनी तर कधी रस्त्याला लागलीच नाही, वय मात्र तेवढंच. उल्हासनगरला दुकानात फोन केला. चारही बदलायचे. नव्यांवरचा आठवडा आधी वाचणार, मग पैसे.