एका बोटाचा ब्रेक

माझ्या वडिलांच्या सायकलीला ब्रेक होता, असें विधान मी केवळ पितृभक्तीच्या जोरावर करूं शकतों. बावीस इंची, काळी, मागें लोखंडी कॅरिअर असलेली ती सायकल हिंगोलीच्या रस्त्यांवर तीस वर्षें फिरली. तिच्या हँडलखालून निघालेल्या लोखंडी कांबी रबराचे तुकडे रिमला आंतून दाबीत. निदान त्यांनीं तसें करावें अशी कारखानदाराची अपेक्षा होती. पावसाळ्यांत रिम ओली झाली कीं ते तुकडे तिला नुसते कुरवाळीत बसत. वडिलांचा खरा ब्रेक म्हणजे त्यांच्या उजव्या पायांतली चप्पल. तिची टांच दर पावसाळ्यांत झिजे, आणि आई म्हणे, "यांच्या सायकलीपेक्षां चपलांचाच खर्च जास्त." पण वडिलांचें जाणेंयेणें शाळा, बाजारपेठ आणि कयाधूचा कांठ एवढ्यापुरतेंच. जिथें उतार नाहीं तिथें ब्रेकवांचून फारसें कुणाचें अडत नाहीं.

माझ्या मुलीनें मात्र उतार शोधून काढले. एरवीं तीन हांका मारल्याशिवाय न उठणारी ही अकरावींतली मुलगी रविवारीं पहांटे साडेचारला आपण होऊन उठते, आणि दोघी मैत्रिणींना घेऊन गिअरच्या सायकलीवरून औंढा नागनाथच्या रस्त्याला लागते. मराठवाडा म्हटला कीं बाहेरच्या वाचकांच्या डोळ्यांसमोर सपाट काळें रान उभें राहतें. पण औंढ्याच्या भोंवतीं टेकड्या आहेत, विरळ झाडी आहे, आणि गुराख्यांनीं पाडलेल्या पायवाटा आहेत. त्या पायवाटांवरून सायकल खालीं आणण्यांत कसला आनंद असतो, हें मला अजून नीटसें समजलेलें नाहीं. परंतु परत आलेल्या मुलीचा चेहरा पाहिला कीं आनंद असतो याविषयीं शंका उरत नाहीं.

गेल्या वर्षीं श्रावणांत अशाच एका उतारावर ती पडली. गळ्याखालचें हाड मोडलें. सहा आठवडे हात झोळींत होता. सायकल ओसरीवर उभी होती, आणि तिच्या अंगावरची काळी माती वाळून तिला भेगा पडल्या होत्या. पत्नी म्हणाली, "अहो, ती सायकल विकून टाका. हाड जुळलं, देवाची कृपा. आणखी किती परीक्षा पाहायची?" मी हो म्हटलें नाहीं कीं नाहीं म्हटलें नाहीं. मुलीनेंहि कांहीं म्हटलें नाहीं. तिनें फक्त सायकलीवरचा चिखल काढला नाहीं. आमच्या मुलीचा रुसवा मला ओळखूं येतो; हा रुसवा नव्हता, ही निराशा होती.

तेव्हां मीं ठरविलें कीं दोष ब्रेकचा आहे, आणि ब्रेक बदलतां येतो. तिच्या सायकलीला चाकाच्या मध्याशीं पोलादी चकत्या होत्या, पण त्या आवळणारा चिमटा तारेनें ओढला जाई. काळी माती एकदां तारेच्या नळींत शिरली कीं तार जड होते; मूठ दाबली तर ती उशिरा ओढते, सोडली तर उशिरा सुटते. यावर उपाय म्हणजे तार काढून तिच्या जागीं तेल घालणें. यालाच हायड्रॉलिक ब्रेक म्हणतात. विषय हातीं घेतला आणि, आम्हां मास्तर लोकांच्या संवयीप्रमाणें, मी त्याच्या इतिहासांत शिरलों.

डोंगरी सायकलीचा जन्मच मुळीं ब्रेकच्या एका दुखण्याशीं बांधलेला आहे, हें वाचून मला मौज वाटली. कॅलिफोर्नियांत फेअरफॅक्स गांवाजवळच्या उतारावर 21 ऑक्टोबर 1976 रोजीं कांहीं तरुणांनीं जुन्या जाड टायरांच्या सायकलींची एक शर्यत लावली. त्या सायकलींना पायडल उलटें दाबून लागणारा, मागच्या चाकाच्या तुंब्यांतला ब्रेक असे. खालीं पोंचेपर्यंत तो इतका तापे कीं आंतलें ग्रीस धूर होऊन निघून जाई, आणि दर खेपेस तुंबा उघडून पुन्हां ग्रीस भरावें लागे. म्हणून त्या वाटेचें नांवच 'रीपॅक', म्हणजे पुन्हां भरणें, असें पडलें. आमच्या वडिलांची चप्पल त्यांना ठाऊक असती तर ग्रीस वांचलें असतें.

तेलाच्या ब्रेकचें मर्म त्याहून पुष्कळ जुनें आहे. बंद भांड्यांतल्या द्रवावर एका ठिकाणीं दाब दिला तर तो सर्व बाजूंना सारखाच पोंचतो, हें ब्लेज पास्कल या फ्रेंच गृहस्थानें ओळखलें. त्याचा त्यावरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, 1663 सालीं, छापला गेला. मुठींतला दट्ट्या लहान आणि चकतीजवळचा मोठा ठेवला कीं काम झालें. वरच्याचा व्यास 10 मिलिमीटर आणि खालच्याचा 20 धरला, तर क्षेत्रफळ चौपट, म्हणून जोरहि चौपट. बदल्यांत खालचा दट्ट्या वरच्याच्या एकचतुर्थांशच सरकतो. निसर्ग फुकट कांहीं देत नाहीं, पण हा सौदा माणसाच्या फायद्याचा आहे. एका बोटाची चिमूट उतारावरच्या माणसासकट सायकलीला आवरते.

तत्त्व समजणें आणि वस्तु निवडणें यांत मोठें अंतर आहे. पहिला प्रश्न तेलाचा. जपानची शिमानो आणि जर्मनीची मागुरा या कंपन्या खनिज तेल वापरतात. अमेरिकेच्या स्रॅमनें पुष्कळ वर्षें मोटारींतलें डॉट नांवाचें द्रव वापरलें, आणि अलीकडे तीहि कांहीं ब्रेकांत खनिज तेलाकडे वळली आहे. डॉट हवेंतलें पाणी शोषून घेतें, त्यामुळें कालांतरानें तें कमी उष्णतेला उकळूं लागतें. शिवाय तें रंग खातें. एकाचें तेल दुसऱ्याच्या ब्रेकांत घातलें तर आंतले रबरी वायसर बिघडतात. हिंगोलीसारख्या गांवीं सांडलवंड होणार हें धरून मीं खनिज तेल घेतलें.

दुसरा प्रश्न चकतीचा. जुनी चकती 160 मिलिमीटरांची होती. चकती मोठी केली कीं तरफ लांबते. 180 ची घेतली तर एकअष्टमांश जोर वाढतो. 203 चीहि मिळते, पण पुढचा फोर्क केवढी चकती सोसतो याला त्याच्या कारखानदारानें मर्यादा घातलेली असते, आणि ती ओलांडणें म्हणजे एक हाड वांचवायला दुसरें मोडणें. थांबतांना सारा भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून पुढें 180, मागें जुनीच 160. चार दट्ट्यांचा ब्रेक मला फार आवडला होता. परंतु मुलीचें वजन अठ्ठेचाळीस किलो, तिला दोन दट्टे पुरेत, हें मोह आवरून मान्य करावें लागलें. पॅडचेंहि तसेंच. धातूचे पॅड चिखलांत अधिक टिकतात, पण ते तापल्याखेरीज नीट धरीत नाहींत, आणि आमच्या चकतीवर तर 'केवळ रेझिन पॅड' असें कोरलेलेंच होतें. रेझिनचे पॅड शांत असतात, लगेच धरतात, आणि पावसाळ्यांत साबणाच्या वडीसारखे झिजतात.

पार्सल नांदेडहून आलें, तेव्हां कळलें कीं जुन्या सायकलीची ब्रेकची मूठ आणि गिअरचा खटका एकाच तुकड्यांत आहेत. मूठ काढली कीं गिअरहि गेले. पुन्हां खटके मागविले. एकूण खर्च सायकलीच्या निम्म्या किमतीवर गेला. पत्नीनें बेरीज पाहिली आणि वही मिटली. तिची ती पद्धत आहे.

जोडणी आमच्या गल्लीतल्या मिस्त्रींच्या दुकानांत झाली. पंक्चर, बेअरिंग आणि वांकडें चाक यांत त्यांचा हात धरणारा नाहीं, पण तेलाचा ब्रेक त्यांनींहि प्रथमच उघडला. आलेल्या संचांत पुढच्या चाकाची नळी डाव्या मुठीला होती. आपल्याकडे पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, आणि संकटांत हात जुन्या संवयीनेंच चालतो, म्हणून नळ्यांची अदलाबदल केली. त्या लांब होत्या, त्या कापल्या, आणि कापलेल्या टोकांना पितळेचीं नवीं बारीक कडीं बसविलीं. मग आंत शिरलेली हवा काढायची. तेल दबत नाहीं, हवा दबते. म्हणून एक बुडबुडा राहिला तरी मूठ ओल्या स्पंजासारखी लागते. खालून पिचकारीनें तेल चढवायचें, नळीवर पेचकसाच्या मुठीनें टिचक्या मारायच्या, आणि वरच्या पेल्यांत बुडबुडे येतांना पाहत बसायचें. दोन तास आम्ही दोघे पोक्त गृहस्थ बुडबुडे मोजीत होतों. आमच्याच जिल्ह्यांत, औंढ्याजवळच्या दुधाळ्याला, गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायची आहे. 2023 सालीं तिला केंद्र सरकारची मंजुरी मिळाली. तिथें प्रोटॉनच्या रुंदीहूनहि लहान हालचाल टिपतील म्हणतात. आमचा अर्धा मिलिमीटर मात्र त्या दिवशीं जुळेना, कारण चाक काढलेलें असतांना मींच उत्सुकतेनें मूठ दाबली, आणि दोन्ही दट्टे बाहेर येऊन पॅड एकमेकांना भिडले. मिस्त्रींनीं ते प्लॅस्टिकच्या पट्टीनें मागें सारले आणि मला स्टुलावर बसविलें.

शेवटीं ब्रेक लागला. मीं मूठ धरली, दोन बोटें टाकलीं. बेतानें शिवलेल्या सदऱ्यासारखी ती हाताला बसली. समाधानानें मीं मुलीला बोलावलें. ती सायकलीवर बसली, हँडल धरलें आणि बोटें पुढें केलीं. बोटांचीं टोकें मुठीला कशीबशीं लागलीं. ती दाबण्यासाठीं तिनें तळहात हँडलवरून उचलून पुढें सरकविला.

"सर, हा बारीक स्क्रू कशाला दिलाय मग?" मिस्त्री म्हणाले. दोन मिलिमीटरची किल्ली लावून त्यांनीं तो फिरविला. मूठ जवळ आली. आणखी फिरविला. आतां तिचें एक बोट, तेंहि पहिल्या पेरापाशीं, बरोबर तिच्यावर बसलें, आणि बाकीच्या बोटांनीं हँडल घट्ट धरलेलें राहिलें. तिनें दाबलें. चाक जागच्या जागीं थांबलें.

"बाबा, आधीचा लांबच होता," ती म्हणाली. "मला वाटलं, ब्रेक असाच असतो."

जुना माल पोत्यांत पडला होता. मीं जुनी मूठ काढून उजेडांत धरली. तिलाहि तसाच स्क्रू होता. त्याच्या डोक्यांत धूळ बसली होती; कारखान्यांतून आल्यापासून त्याला कुणी हात लावलेला नव्हता. दोन वर्षें ही मुलगी प्रत्येक उतारावर हँडल सोडून ब्रेक धरीत होती. चिखलानें तार जड केली होती हें खरें. परंतु ती पडली तेव्हां तिचा हात हँडलवर अर्धाच होता, हें मला त्या स्टुलावर बसून समजलें. सायकल घेतांना मूठ मीं स्वतःच्या हातानें दाबून पाहिली होती, आणि 'उत्तम आहे' म्हटलें होतें.

तें मीं रात्रीं पत्नीला सांगितलें. वाटलें होतें, आतां ती मला कांहीं तरी बोलेल. ती बराच वेळ भाजी निवडीत राहिली. मग म्हणाली, "आता तो स्क्रू नीट आहे ना?"

नवे पॅड आधीं चकतीवर बसवावे लागतात. घरासमोरच्या रस्त्यावर मुलीनें मध्यम वेग घेऊन, चाक न अडकवतां, हळू होण्याची वीस-पंचवीस आवर्तनें केलीं. पहिल्या चार-पांच वेळां सायकल पुढें सरकत गेली, मग दर खेपेस लवकर आवरूं लागली. शेजारचीं मुलें ओट्यावर बसून आंकडे मोजीत होतीं.

पुढच्या रविवारीं मी स्कूटरवरून औंढ्याला गेलों आणि उताराच्या पायथ्याशीं उभा राहिलों. रात्रीं पाऊस झाला होता. ती दिसायच्या आधीं ओल्या चकतीची किंकाळी ऐकूं आली, मग ती थांबली, मग पुन्हां आली. वळणावर मुलगी दिसली तेव्हां मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलें नाहीं. तिच्या हाताकडे पाहिलें. एक बोट मुठीवर होतें, आणि बाकीचा हात हँडलवर.

पॅडवरचा थर अर्ध्या मिलिमीटरवर आला कीं पॅड बदलावे असें माहितीपत्रकांत आहे. हें वाचून पत्नीनें टॉर्च मागून घेतला. दर शनिवारीं रात्रीं, मागचें आवरून झालें कीं, ती ओसरीवर वांकून चकतीच्या फटींत पाहते. परवां तिनें मला हांक मारली, "अहो, पुढचे संपत आलेत. मागचे अजून महिना जातील." मीं सकाळीं नांदेडला निरोप दिला. पॅड गुरुवारीं येणार आहेत, त्यामुळें हा रविवार मुलगी घरीं आहे, आणि नऊ वाजले तरी उठलेली नाहीं.