नळीतली थकबाकी

आमच्या साडूंच्या दोन गोष्टींना हात लावायची कुणाची प्राज्ञा नाही. एक त्यांचं मत आणि दुसरं त्यांचं .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर. पैकी मत ते रोज झाडतात, रिव्हॉल्व्हर महिन्यातून एकदा, रायफल क्लबात.

२०१९ च्या दुरुस्तीनं शस्त्रपरवान्याची मुदत तीनाची पाच वर्षं झाली. ती पाचही आता संपत आली होती आणि इकडे साडूंच्या गोळ्या निशाण सोडून भलतीकडेच जाऊ लागल्या. कागदावरची भोकंसुद्धा गोल नाहीत, लांबट! म्हणजे गोळी आडवी होऊन शिरतेय. मेव्हणीबाईंनी निकाल दिला : "डोळे गेलेत. या वेळी परवाना परत करायचा." साडू म्हणाले, "दोष नळीचा आहे." नळीचा निघाला तर नूतनीकरण, डोळ्यांचा निघाला तर पोलीस ठाण्यात जमा, असं ठरलं. मध्यस्थ अर्थातच मी. बी. कॉम. झालेल्या माणसाला सगळं कळतं असा सासुरवाडीचा समज आहे.

मी आमच्या शाखेच्या गार्डांना घेऊन गेलो. निवृत्त हवालदार माणूस. त्यांनी आधी सिलिंडर उघडून सहाही घरं रिकामी असल्याची खात्री केली, मग नळी उजेडाकडे धरली. आत आट्यांत शिशाचे चंदेरी पापुद्रे!

"साहेब, शिसं कुठं बसलंय ते बघायचं. पुढच्या तोंडाशी असेल तर गोळीवरचं वंगण वाटेतच संपलं. हे बसलंय सिलिंडरकडं. म्हणजे गोळी नळीला ढिली. मागचा जळता वायू फटीतून पुढं पळतो आणि शिसं वितळवून भिंत सारवत जातो."

मला वाटत होतं, घट्ट गोळी घासत असेल. पण नाही, ढिलीच जास्त राड करते. आमच्या कर्जखात्यात निराळं काय होतं?

साडूंनी उपाय सुचवला : तांब्याचं वेष्टण असलेल्या चार गोळ्या झाडल्या की शिसं निघून जाईल. हवालदारांनी कानाला हात लावला. "उलट दाबून बसेल, आणि नळीवर ताण येईल तो वेगळा." जुनी थकबाकी नव्या कर्जात दडपण्याचाच हा प्रकार. तो आमच्याकडे लोकप्रिय आहे, पण हवालदारांना मान्य नव्हता.

मग पितळी ब्रशला तांब्याच्या घासणीचे धागे गुंडाळून तासभर घासणं झालं. मऊ शिशाचा गोळा नळीतून ढकलून मायक्रोमीटरनं मोजला. साडूंच्या गोळ्या खरोखरच बारीक निघाल्या! साध्या शिशाची गोळी आट्यांच्या मापापेक्षा इंचाचा हजारावा भाग जाड हवी. तशी काडतुसं आली. साडू मेव्हणीबाईंकडे असे पाहत होते, जणू ऑडिट निर्दोष पार पडलंय.

रविवारी सगळे क्लबात. सहा गोळ्या, सहा भोकं. सगळी गोल, एका रुपयाखाली झाकतील इतकी जवळ. आणि सगळीच्या सगळी मध्यापासून वीतभर डावीकडे.

"नळी आता खरं बोलतेय, साहेब," हवालदार म्हणाले.

साडूंनी चष्मा काढला, सावकाश पुसला आणि विचारलं, "का हो, काचेवरपण शिसं बसतं का?"